वणव्याच्या आधी गावची टाकी आणि पाइपलाइन कशी तयार ठेवायची

होळीच्या आसपास आमच्याकडे त्र्यंबक, पेठ, इगतपुरीच्या डोंगरांवर रात्री आगीच्या रांगा दिसायला लागतात, कुठं राब (भाताची रोपं टाकायची जागा पालापाचोळा जाळून) भाजताना आग हातची निसटलेली असते, कुठं मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवलेला असतो, आणि नेमक्या तेव्हाच विहिरी तळाला गेलेल्या असतात. म्हणून ही कामं फेब्रुवारीतच उरका.

पहिली गोष्ट लाइटची. आग खाली आली की तारा तुटतात नाहीतर लाइट बंद करावीच लागते, मग विहिरीवरची मोटर बंद आणि टाकी तर सकाळीच नळाला सोडून रिकामी झालेली. आमच्या गावात हेच झालं, विहिरीत पाणी होतं पण वर चढवणार कसं, शेवटी बायकांनी घरातले हंडे ओतून गोठा वाचवला, चाऱ्याची गंजी मात्र गेली. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, टाकी कधीच पूर्ण रिकामी करायची नाही. ५०,००० लिटरची टाकी असेल तर नळाच्या आउटलेटला आतून एल्बो लावून पाइपचा तुकडा उभा करा, म्हणजे खालचं १०,००० लिटर, एका मोठ्या टँकरएवढं, आपोआप मागे राहतं. ते काढायला तळाशी वेगळा व्हॉल्व्ह ठेवा, वरून रोज नवीन पाणी पडत असल्यामुळे ते शिळंही होत नाही.

मोटरघर आणि स्टार्टरभोवती १० मीटर गवत काढा. झऱ्यावरून उघड्यावर टाकलेला काळा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप १३० अंशांच्या आसपासच वितळतो, गवताची आग त्याच्या कितीतरी वर जाते, तेव्हा तो गाडाच. आणि पाइपलाइनची एक फांदी फुटली की अख्खी टाकी तिथूनच वाहून जाते, म्हणून प्रत्येक वस्तीकडं जाणाऱ्या फांदीला व्हॉल्व्ह हवा, आणि तो कुठं आहे, कसा फिरवायचा हे पाणी सोडणाऱ्या भाऊंशिवाय अजून तिघांना तरी माहीत हवं, ते लग्नाला गेलेले असताना आग लागली तर?

दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षवाल्यांकडं ट्रॅक्टरचे फवारणीचे ब्लोअर असतात, ५००-६०० लिटरची टाकी, कडेचं गवत भिजवायला फार कामाचे, आधीच बोलून ठेवा. पण त्यात औषध मारलेलं असतं हो! भरताना नळी टाकीच्या तोंडापासून वीतभर वर धरा, आत बुडवू नका, प्रेशर पडलं तर औषधाचं पाणी उलटं गावच्या लाइनीत ओढलं जाईल.

आग विझल्यावर घाईनं नळ सोडू नका. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव जळालं तेव्हा नंतर लाइनीतल्या पाण्यात बेंझिन (प्लास्टिक जळून निघणारं विषारी रसायन) सापडलं होतं, आणि बेंझिन असलेलं पाणी उकळणं हा उपाय नाही, त्याची वाफ घरात पसरते. त्यामुळे जळका, मऊ झालेला पाइप कापूनच टाका, जोडकाम करून वाचवू नका, आणि प्लास्टिकचा वास येत असेल तर पाणी प्यायचं नाही, लॅबला पाठवायचं. बाकी लाइन धुऊन टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका, शेवटच्या नळाला क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी दिसायला हवं. पहिल्या पावसात राख झऱ्यात उतरते, तेव्हा पाणी निवळेपर्यंत झऱ्याचा व्हॉल्व्ह बंद.

वनविभागाचा १९२६ नंबर मोटरघराच्या दारावर रंगवून घ्या, मोठ्या आकड्यात, रात्री बॅटरीच्या उजेडात वाचता येईल असा.