शिष्यवृत्ती मंजूर, पण खात्यात शून्य: महाडीबीटीचा अर्ज भरण्याआधी एवढं कराच

दरवर्षी प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे, अर्ज भरायला आमच्या ओसरीवर पोरं फायली घेऊन येतात. आधी भाचीचा अर्ज भरून दिला, मग तिच्या मैत्रिणींचे, मग गल्लीतल्यांचे, आणि आता मी सगळ्यांचाच ‘फॉर्मवाला मामा’ झालोय. येणाऱ्यांपैकी निम्मी पोरं आधीच कुणाचा तरी सल्ला घेऊन आलेली असतात. ‘चार योजनांना टाकून ठेव, एखादी लागेल’, ‘नेटकॅफेवाला बघतो सगळं’, ‘सबमिट झालं की आपलं काम संपलं’. तिन्ही चूक.

कागद कोणते लागतात ते योजनेच्या पानावर लिहिलेलं असतं, ते मी इथे उतरवत नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मात्र मे महिन्यातच काढा. बारावीचा निकाल लागला की सेतूवर जी झुंबड उडते, तिच्यात दाखल्याला तीन आठवडे जाऊ शकतात. दहावीच्या मार्कशीटवरचं आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का तेही त्याच महिन्यात बघा.

योजना एकच, पण आपली निवडा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती; वर असेल तर फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी. खुल्या प्रवर्गात, उत्पन्न ८ लाखांपर्यंत आणि व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, म्हणजे शिक्षण शुल्क निम्मं. मुलींचं गणित २०२४ च्या जुलैत बदललं: व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून (केंद्रीय प्रवेश फेरीतून) प्रवेश, प्रवर्ग ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) किंवा ओबीसी आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत, असं असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. तरी अजून कितीतरी आईबाप मुलीची निम्मी फी भरायला सोसायटीतून कर्ज काढताना दिसतात. आणि एक कटू गोष्ट: मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला शाहू योजना मिळत नाही. हे डोनेशनचं पाकीट देण्याआधी कळलेलं बरं.

शाहू योजनेत बसणारा विद्यार्थी वसतिगृहात राहत असेल तर पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता बघा. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी राहण्या-जेवणाचा खर्च देणारी स्वाधार योजना आहे, अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी तशीच स्वयम. इंजिनियरिंगच्या डिग्री किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला मुलगी असेल तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरची ‘प्रगती’ही तपासा, वर्षाला ५०,००० रुपये आहेत. मात्र एका शिष्यवृत्तीबरोबर दुसरी चालते का, हे त्या योजनेच्या अटींत वाचूनच ठरवा.

आता मुद्द्याचं. मी स्वतः जिथे आपटलो ती जागा ही.

भाचीचा पहिल्या वर्षाचा अर्ज मी स्वतः भरला होता. कॉलेजने पुढे पाठवला, समाजकल्याणने मंजूर केला, स्क्रीनवर हप्ता जमा झाल्याचं दिसत होतं. आणि ती रोज फोन करायची, “मामा, पासबुकात काहीच नाही.” आम्ही बँकेत तीनदा गेलो. मशिनने कर्रकर्र करून पासबुकावर व्याजाची एक ओळ छापली, बस. काउंटरवरच्या बाई तिन्ही वेळा एकच सांगत होत्या, “आधार लिंक आहे तुमचं.” त्या खोटं बोलत नव्हत्या. लिंक होतंच.

इथेच सगळे फसतात. बँकेकडे केवायसीसाठी आधार दिलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसा येण्यासाठी त्या खात्याशी आधार ‘सीड’ असणं वेगळं. सरकारचा पैसा खाते क्रमांकावर येत नाही, आधार क्रमांकावर येतो. एनपीसीआय, म्हणजे बँकांमधली देवाणघेवाण चालवणारी राष्ट्रीय संस्था; तिच्या यादीत तुमच्या आधारपुढे एका वेळी एकाच बँकेचं नाव असतं, आणि ते सगळ्यात शेवटी जिथे सीडिंगला संमती दिली त्या बँकेचं असतं. आधारला पाच खाती लिंक असोत, पैसा त्या एकाच ठिकाणी जाणार.

भाचीच्या कॉलेजात पहिल्या आठवड्यात एक स्टॉल लागला होता. झिरो बॅलन्स खातं, वर एक पाण्याची बाटली फुकट. हिने मशिनवर अंगठा ठेवला, टॅबवर दोन-तीन टिकमार्क केल्या आणि बाटली घेऊन आली. त्यातली एक टिक सीडिंगच्या संमतीची होती. पैसे त्या खात्यात मुकाट पडून होते. ॲप केव्हाच काढून टाकलेलं, त्या नंबरचं सिम बंद. त्या बँकेच्या जिल्ह्याच्या गावातल्या शाखेत आधार घेऊन जायचं, नंबर बदलायचा, मग पैसे काढायचे, यात एक अख्खा महिना गेला. बाटली अजून आहे तिच्याकडे.

म्हणून माझ्याकडे कुणी आलं की मी पोर्टल उघडतच नाही. आधी माय आधारच्या संकेतस्थळावर ओटीपीने लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघायला लावतो. तिथे बँकेचं नाव आणि खाली ‘ॲक्टिव्ह’ असं दिसलं पाहिजे. त्या बँकेचं नाव वाचून पोराच्या कपाळावर आठ्या पडल्या, की समजायचं काय झालंय. हवं ते खातं लावायचं तर आपल्या बँकेत जाऊन ‘आधार लिंक करा’ म्हणू नका, ते ‘आहे’ म्हणून परत पाठवतील. ‘डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंगचा संमती अर्ज द्या’ असं म्हणा (डीबीटी म्हणजे थेट खात्यात येणारा सरकारी पैसा), भरलेल्या अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या, आणि काही दिवसांनी स्टेटस पुन्हा बघा. बदललेलं दिसेपर्यंत बँकेवर विश्वास ठेवू नका. एकाच बँकेत दोन खाती असतील तर कुठलं सीड झालंय ते शाखेत विचारा.

खातं कसलं आहे तेही बघा. शाळेत असताना उघडलेलं अज्ञानाचं (मायनर) खातं अठरा पूर्ण झाल्यावर नव्या केवायसीशिवाय अडतं. शिबिरात अर्धवट कागदांवर उघडलेल्या ‘स्मॉल अकाउंट’मध्ये वर्षभरात मिळून १ लाखाच्या वर रक्कम जमा होऊ शकत नाही आणि, सरकारी अनुदानाची रक्कम सोडली तर, शिल्लक ५०,००० च्या पुढे चालत नाही. पूर्ण केवायसी करून घ्या. आणि शिक्षण संपेपर्यंत कुठल्याही स्टॉलवर अंगठा नाही. पोरींना आणि पोरांना मी हे दमच देऊन सांगतो.

एवढं झालं की अर्ज तासाभराचा. नोंदणी आधारच्या ओटीपीने करा. मोबाईल आणि ईमेल स्वतःचे द्या, नेटकॅफेवाल्याचे नाहीत. त्याच्या वहीत तुमचा पासवर्ड आणि त्याच्या फोनवर तुमचा ओटीपी, म्हणजे तुम्ही त्याचे जन्माचे बांधील. कागद स्कॅन करून आकाराच्या मर्यादेत बसवा, पण इतके दाबू नका की दाखल्याचा बारकोडच वाचता येणार नाही.

सबमिट केल्यावर अर्ज कॉलेजच्या लॉगिनला जाऊन बसतो. प्रिंट आणि कागदांच्या प्रती स्कॉलरशिपच्या खिडकीवर देऊन या. मग आठवड्यातून एकदा लॉगिन करा, कारण अर्ज ‘सेंड बॅक’ झाला, म्हणजे त्रुटीसाठी परत आला, तर एसएमएस येईलच असं नाही. त्रुटी बहुतेक वेळा फुटकळ असते, दाखला जुना किंवा मार्कशीटची मागची बाजू नाही. पण मुदत संपल्यावर फुटकळ त्रुटीही वर्ष घालवते.

मंजुरीनंतर लॉगिनमध्ये ‘रिडीम’चं, म्हणजे मंजूर रक्कम घेण्याचं, बटण दिसलं तर ते दाबा. शिक्षण शुल्काचा हिस्सा तुमच्या खात्यात आला असेल तर तो कॉलेजचा आहे. त्यातून फोन घेतलेला एक पठ्ठ्या मला माहीत आहे, परीक्षेच्या हॉलतिकिटाच्या वेळी त्याचे वडील पैसे गोळा करत फिरत होते.

दुसऱ्या वर्षी नवा अर्ज भरू नका. प्रोफाइलमध्ये पहिलं वर्ष ‘पूर्ण’ करून निकाल चढवा, दुसरं वर्ष जोडा आणि ‘रिन्यूअल’ने जा. त्याआधी सीडिंग स्टेटस पुन्हा एकदा.