‘क्लास नॉट फाउंड’ : लाराव्हेलमधील ऑटोलोडिंगची चूक कशी शोधावी

रावेर-यावल पट्ट्यातील केळीचे भाव दाखवणारे संकेतस्थळ तुम्ही जळगावात विंडोज संगणकावर लाराव्हेल या पीएचपी भाषेच्या चौकटीत बनवले, तिथे ते नीट चालले आणि लिनक्स सर्व्हरवर चढवताच ‘क्लास नॉट फाउंड’ असा संदेश आला, तर कोडला हात लावण्याआधी तो संदेश शेवटपर्यंत वाचावा. क्लासची (कोडच्या नाव दिलेल्या गटाची) फाइल गरज पडताच आपोआप शोधून आणणे म्हणजे ऑटोलोडिंग. पीएचपीने क्लास कोणत्या पूर्ण नावाने शोधला हे त्या संदेशात दिलेले असते आणि तपास तिथूनच सुरू होतो.

‘ॲप\सर्व्हिसेस\बनानारेट’ऐवजी ‘ॲप\एचटीटीपी\कंट्रोलर्स\बनानारेट’ असे नाव दिसले, तर कंट्रोलरमध्ये (पानाची विनंती हाताळणाऱ्या क्लासमध्ये) दुसरीकडचा क्लास कोणता ते सांगणारी ‘यूज’ची ओळ लिहायची राहून गेली आहे, ती नसल्यास पीएचपी चालू नेमस्पेसमध्येच, म्हणजे पूर्ण नावातील क्लासच्या आधीच्या भागातच, क्लास शोधते.

नाव बरोबर असेल, तर त्यावरून फाइलचा मार्ग स्वतः काढून पाहावा. क्लासचे नाव आणि फाइलची जागा यांची सांगड घालणाऱ्या पीएसआर-४ नियमानुसार नेमस्पेसचा सुरुवातीचा भाग एखाद्या फोल्डरला जोडलेला असतो, आणि ही जोडणी पीएचपीची पॅकेजेस सांभाळणाऱ्या कंपोझर या साधनाच्या जेसन फाइलमध्ये लिहिलेली असते. उरलेला भाग उपफोल्डर आणि फाइलच्या नावाशी अक्षरशः जुळावा लागतो. बहुतेक वेळा घोटाळा इथेच सापडतो. क्लासच्या नावातील लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक पीएचपी मानत नाही, विंडोजही फाइलच्या नावात सहसा तो पाहत नाही. लिनक्स मात्र काटेकोरपणे पाहते. म्हणून ‘सर्व्हिसेस’ फोल्डरचा ‘एस’ लहान असेल आणि नेमस्पेसमध्ये मोठा, तर घरच्या संगणकावर चाललेला कोड सर्व्हरवर अडतो. असे नाव कोडमधील बदल नोंदवणाऱ्या गिट या साधनाच्या ‘गिट एमव्ही’ या आज्ञेनेच बदलावे, कारण विंडोजवर केवळ अक्षराचा आकार बदलल्यास गिट तो बदल बहुधा नोंदवत नाही.

फाइल जागेवर असूनही चूक कायम राहिली, तर तिच्यातील नेमस्पेसची ओळ तपासावी. फाइल हलवताना ती जुनीच राहते.

त्यानंतर ‘कंपोझर डंप-ऑटोलोड’ ही आज्ञा ‘ओ’ पर्यायासह चालवावी. पीएसआर-४ न पाळणारे क्लास कंपोझर तेव्हा नावानिशी दाखवतो, त्यामुळे माझ्या मते संकेतस्थळ चढवण्यापूर्वी ती दरवेळी चालवलीच पाहिजे. कंपोझरने आणलेली पॅकेजेस ठेवणारा ‘व्हेंडर’ फोल्डरच नसेल, तर आधी ‘कंपोझर इन्स्टॉल’ करावे. इतके करूनही सर्व्हर जुनाच कोड चालवत असेल, तर ऑपकॅशमध्ये, म्हणजे पीएचपी तयार कोड साठवते त्या जागेत, जुनी प्रत अडकलेली असू शकते. पीएचपी-एफपीएम (सर्व्हरवर पीएचपी चालवणारी सेवा) पुन्हा सुरू केल्यावर ती निघून जाते.