जुन्या ‘आर’वर कधीपर्यंत भागवायचं?

‘आर’ ही आकडेवारीच्या विश्लेषणाची संगणकभाषा. तिची नवी मालिका दर वर्षी एप्रिलच्या सुमारास येते: ४.३ एप्रिल २०२३ मध्ये आली, ४.४ एप्रिल २०२४ मध्ये, ४.५ एप्रिल २०२५ मध्ये. नवी आली की आधीच्या मालिकेतल्या दुरुस्त्या थांबतात. विंडोजसाठी तयार पॅकेजेस (‘आर’ला जोडायची साधनं) मात्र ‘क्रॅन’ हे ‘आर’चं अधिकृत भांडार आणखी एक वर्ष आधीच्या मालिकेकरता बनवत राहतं. म्हणजे ४.३ वाल्यांना ती एप्रिल २०२५ पर्यंत ताजी मिळाली, पुढे साठा गोठला.

गोठला म्हणजे बंद पडला नव्हे. पॅकेज टाकताना ‘सोर्समधून नवी आवृत्ती टाकू का’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणा, गोठलेली तयार प्रत उतरेल. ‘हो’ म्हटलंत तर बऱ्याच पॅकेजांना मूळ कोडवरून बांधण्यासाठी आरटूल्स हे साधन लागतं, आणि खानापूरच्या आतल्या गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते उतरवणं म्हणजे दिवसाचा डेटा गेला.

एप्रिल-मेमध्ये प्रकल्प जमा करायचा असेल तर तोवर व्हर्जन बदलू नकाच. ‘आरएन्व्ह’ या पॅकेजने स्नॅपशॉट घेऊन ठेवा, कुठलं पॅकेज कुठल्या आवृत्तीचं, ते लॉक फाइलमध्ये नोंदलं जातं. अपवाद एकच: पेन ड्राइव्हवरून किंवा व्हॉट्सअॅपवर आलेल्या आरडीएस (‘आर’च्या स्वतःच्या डेटा साठवण्याच्या) फाइली. त्या उघडताना परका कोड चालू शकेल अशी त्रुटी ४.४.० मध्ये बुजवली. त्याआधीच्या ‘आर’वर अनोळखी आरडीएस उघडू नका, सीएसव्ही मागा.

आपल्याकडच्या सर्व्हेत गावांची नावं एका रकान्यात मराठी, दुसऱ्यात कन्नड असतात. विंडोजवर ४.२ च्या आधीच्या ‘आर’मध्ये डेटा फ्रेम छापली की ‘खानापूर’च्या ‘ख’ऐवजी ०९१६ असा युनिकोड क्रमांक दिसतो. फाइल बहुधा शाबूत असते, दोष दाखवण्यात आहे. ४.२ पासून यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सांभाळणारी अक्षर-साठवणीची पद्धत) थेट चालतं, पण त्यासाठी विंडोज १० ची १९०३ किंवा पुढची आवृत्ती हवी. लॅबमधल्या विंडोज ७ च्या पीसीवर नुसतं ‘आर’ बदलून हे सुटणार नाही.

बदलायचंच ठरलं तर जुनं काढू नका. दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. आरस्टुडिओत (‘आर’ चालवायच्या प्रोग्रॅममध्ये) टूल्स, ग्लोबल ऑप्शन्स, जनरल इथे हवं ते निवडा. ४.४.१ वरून ४.४.२ वर जाताना लायब्ररी (पॅकेजेसचं फोल्डर) तीच चालते. ४.३ वरून ४.४ वर जाताना मात्र फोल्डर कॉपी करू नका, पॅकेजेस नव्याने टाका. कॉपी केलेली काही चालतात, काही ऐनवेळी लोड होत नाहीत, आणि कारण शोधण्यात संध्याकाळ जाते.

मग जुनी स्क्रिप्ट चालवून आकडे ताडून पाहा. ४.० पासून रीड-सीएसव्ही मजकुराला आपोआप फॅक्टर (ठरावीक गटांचा रकाना) करत नाही, त्यामुळे गटांची यादी देणारं ‘लेव्हल्स’ विचारलं की ‘नल’ (काहीच नाही) येतं. स्क्रिप्ट ३.६ च्या आधीची असेल तर सीड (यादृच्छिक निवडीचा सुरुवातीचा आकडा) तोच देऊनही ‘सॅम्पल’ वेगळा नमुना काढतं. जुनाच नमुना हवा असेल तर ‘आरएनजीकाइंड’मध्ये सॅम्पलचा प्रकार ‘राउंडिंग’ करा. इशारा छापून येईल, पण नमुना जुना निघेल.