घरात लहान मूल आणि हातात बालविकासाचं पुस्तक

मूल लहान असताना पुन्हा शिकायचं ठरवलं की आजूबाजूची माणसं पहिला प्रश्न विचारतात, "वेळ कुठून काढणार?" माझ्या मते त्याआधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हवं. शिकायचं कशासाठी? माझ्यापुरतं ते सरळ होतं. ज्या दोन जीवांबरोबर माझा अख्खा दिवस जातो ते डोळ्यांदेखत बदलताहेत, आणि ते कसे बदलतात हे मला समजून घ्यायचं होतं. पदवी, नोकरी, पगार हे सगळं त्यानंतर. म्हणून घरी बसून करता येईल अशा मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात नाव घातलं आणि बालविकास हा विषय मुख्य ठेवला. तेव्हा धाकटी रांगत होती आणि थोरला नुकताच शाळेत जायला लागला होता. तुम्ही अशाच वळणावर असाल तर हे तुमच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण तिनं मला मोठा धीर दिला. या विषयाचा बराचसा पाया घरात, आईबापांच्या वह्यांमध्ये घातला गेला आहे. चार्ल्स डार्विननं १८३९ साली जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाच्या नोंदी ठेवल्या आणि त्यांवरचा लेख १८७७ मध्ये प्रसिद्ध केला. जर्मनीत क्लारा आणि विल्यम स्टर्न या जोडप्यानं १९०० साली पहिली मुलगी झाल्यापासून पुढची कितीतरी वर्षं आपल्या तिन्ही मुलांच्या डायऱ्या लिहिल्या. त्यातल्या बहुतेक नोंदी क्लाराच्या आहेत. ज्याँ पियाजेनं तान्ह्या बाळांच्या विचारशक्तीबद्दल जे मांडलं तेही स्वतःच्या तीन मुलांकडे पाहून, आणि त्या निरीक्षणांत त्याची बायको व्हालेंतिन बरोबरीनं होती. क्लाराविषयी वाचलं आणि मी त्याच दिवशी एक जाड वही आणली. आपण घरात अडकलोय, खरा अभ्यास कुठेतरी बाहेर चालतो, हे मनातून तेव्हाच गेलं.

ही वही अभ्यासाचा कणा आहे असं मी मानते. पाठ्यपुस्तक उघडायच्या आधी ती सुरू करा. मुलाचं वय वर्षं-महिन्यांत लिहा, आधी काय घडलं ते लिहा, मग मुलानं काय केलं, काय बोललं ते त्याच्याच शब्दांत. तुम्हाला काय वाटलं ते जरूर लिहा, पण वेगळ्या ओळीत. हा फरक अंगवळणी पडायला वेळ लागतो. "आज फार हट्ट केला" ही नोंद महिन्याभरानं वाचली तर तिच्यातून काहीच हाती लागत नाही. आता ही पाहा, माझ्या वहीतली: "एक वर्ष आठ महिने. बाटलीचं झाकण उघडून दिलं. रडली. बाटली माझ्याकडे सरकवली, झाकणावर बोट ठेवलं. झाकण परत लावून दिलं. स्वतः फिरवलं, निघालं नाही. पुन्हा माझ्या हातात दिली, पण आपलं बोट झाकणावरून काढलं नाही. दोघींनी मिळून फिरवलं. हसली." इथे हट्ट कुठे आहे? तिला पाणी नको होतं, उघडण्याचं काम हवं होतं, आणि मदत किती हवी तेही तिला नेमकं ठाऊक होतं. पुढे लेव वायगॉट्स्की हा रशियन मानसशास्त्रज्ञ वाचताना "मूल आज दुसऱ्याच्या मदतीनं करतं ते उद्या एकट्यानं करतं" हा मुद्दा आला, तेव्हा मला तो पाठ करावा लागला नाही. तो वहीत होता.

भाषेच्या नोंदींना मात्र वेगळी पानं द्या. त्या इतक्या भरभर येतात की बाकीच्यांत हरवतात. थोरला आधी व्यवस्थित "केलं" म्हणायचा. मग एके दिवशी "मी करलं" म्हणायला लागला. घरातल्या मोठ्या माणसांना वाटलं, हा मागे चाललाय. खरं तर उलट होतं. "केलं" हा त्यानं ऐकून जसाच्या तसा उचललेला शब्द होता. "करलं" त्यानं कुणाकडूनच ऐकलं नव्हतं, ते त्यानं "बसलं", "पडलं"च्या नियमानं स्वतः घडवलं होतं. १९५८ साली जीन बर्कोनं मुलांना अस्तित्वातच नसलेले शब्द देऊन त्यांची रूपं करायला लावली होती आणि मुलांनी ती नियमाला धरून केली. कान पाठ करतात आणि डोकं नियम शोधतं, हे मी त्या आठवड्यात आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून ऐकत होते. त्याला सुधारायचं नाही असं मी ठरवलं. फक्त उत्तरात "हो, छान केलंस" म्हणायचे. काही महिन्यांनी "केलं" आपोआप परत आलं.

आता वेळेबद्दल. लांबलचक, निवांत बैठका मिळतील या आशेवर राहू नका. त्यांच्याशिवाय चालेल असा अभ्यास आखा. १८८५ साली हेर्मान एबिंगहाउसनं स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून एकदाच तासन् तास वाचण्यापेक्षा मध्ये अंतर सोडून थोडं थोडं परत पाहणं फायद्याचं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलेलं तर आयांसाठीच शोधून काढल्यासारखं आहे. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर पुस्तक मिटून आठवून पाहणारे पुढे गेले. पुस्तक मिटून करायचं काम भांडी घासताना होतं, कपडे वाळत घालताना होतं, बाळाला खांद्यावर थोपटताना होतं. मी सकाळी चार पानं वाचायचे आणि दिवसभर ती मनात लिहून काढायचे. जे आठवलं नाही तेवढंच बाळ झोपल्यावर पाहायचे. अभ्यास मध्येच सोडून उठावं लागलं तर पानात चिठ्ठी ठेवायचे, तिच्यावर एकच ओळ: पुढे काय करायचं. परत बसल्यावर धागा शोधण्यात दहा मिनिटं जात नाहीत. पहिल्या सत्रात विषय कमी घ्या, आपला वेग कळला की वाढवा. परीक्षेच्या दिवसांत मुलांजवळ कोण थांबणार हे वेळापत्रक लागलं त्याच दिवशी ठरवून टाका. याहून जास्त सांगण्यासारखं वेळेबद्दल माझ्याकडे नाही.

खरं कठीण असतं ते दारापलीकडचं रडणं. साधारण आठव्या महिन्यापासून बाळाला आई नजरेआड झालेली खपत नाही, आणि हे पुढे बरेच महिने चालतं. हा काळ नेमका तोच, जेव्हा आपल्याला वाटतं की आता जरा बसता येईल. जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांचं आई-बाळातल्या ओढीवरचं काम मी याच दिवसांत वाचलं, आणि वाचल्याचा उपयोग त्याच दिवशी झाला. एन्सवर्थच्या निरीक्षणात आई बाहेर गेल्यावर मूल किती रडतं याहून आई परतल्यावर ते काय करतं याला जास्त महत्त्व होतं. जवळ येतं का, कुशीत शांत होतं का, मग पुन्हा खेळायला जातं का. मी वहीत निघण्याची नोंद बंद केली आणि परतण्याची सुरू केली. धाकटी बाबांजवळ असायची. मी बाहेर आले की धावत यायची, मान माझ्या खांद्यावर टाकायची, मग माझ्या हातातली पेन्सिल घेऊन खाली उतरायची. आठवडाभर हेच दिसत राहिलं आणि माझ्या मनातली टोचणी शमली.

एवढं मात्र कराच: बाळाची नजर चुकवून निसटू नका. सांगून जा, परत येऊन "आले" म्हणा. रडू येईल, येऊ द्या. घरातल्या ज्या माणसाकडे मूल सोपवलं त्याला त्याच्या पद्धतीनं समजूत काढू द्या, दारातून सूचना देऊ नका. आमच्याकडे संध्याकाळचा तास नवऱ्याचा ठरला, आणि त्या तासात बाप-लेकीचं जे नातं झालं त्यात माझा काहीच हात नाही. मला त्याचा फार आनंद आहे. डोनाल्ड विनिकॉट या बालरोगतज्ज्ञानं १९५३ मध्ये मांडलं होतं की पुरेशी चांगली आई सुरुवातीला बाळाच्या गरजेशी जवळजवळ पूर्ण जुळवून घेते आणि पुढे, बाळाला झेपेल तसतशी, हळूहळू कमी जुळवून घेते. हे कमी होणं बाळाच्या वाढीचाच भाग आहे. अभ्यासाला बसताना ज्यांना अपराधी वाटतं त्यांनी विनिकॉट नक्की वाचावा.

आणि आनंद? तो या सगळ्याच्या शेवटी मिळणारं बक्षीस आहे असं मला कधी वाटलं नाही, तो रोजच्या रोज होता. थोरला चार वर्षांचा होत आला होता तेव्हाची गोष्ट. बाबांसाठी त्यानं एक चित्र काढलं आणि उशीखाली ठेवलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाबांना माहीत नाही. आपल्याला माहीत आहे." चारच महिन्यांपूर्वी हाच मुलगा लपवलेली वस्तू कुठे आहे ते स्वतःच ओरडून सांगायचा, कारण आपल्याला ठाऊक आहे ते सगळ्यांनाच ठाऊक असतं असा त्याचा समज होता. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्याहून वेगळं, प्रसंगी चुकीचंही काही असू शकतं, हे कळणं म्हणजे केवढी झेप! हाइन्त्स विमर आणि योसेफ पेर्नर यांनी १९८३ मध्ये हेच गोष्टीच्या रूपात मुलांना विचारून पाहिलं होतं. चौथ्या वर्षाच्या आगेमागे ही समज बहुतेक मुलांत येते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. माझ्या घरात ती आली तेव्हा मी ती ओळखली. अभ्यास नसता तर चित्राचं कौतुक करून मी पुढच्या कामाला लागले असते. शिकण्यानं मला हे दिलं: तेच घर, तीच कामं, पण त्यात घडणारं मोठं काही निसटून जात नाही.

पुस्तकं वाचताना क्रम सांभाळा. आधी अलीकडचं पाठ्यपुस्तक, मग पियाजेसारखे जुने लोक. त्याचं मोठेपण वादातीत आहे, पण काही वयं त्यानं उशिराची धरली. झाकलेली वस्तू अजून तिथेच आहे हे बाळाला कळतं का, हे तो बाळाच्या हातांवरून ठरवायचा, म्हणजे बाळ आठव्या महिन्याच्या सुमारास ती शोधायला लागेपर्यंत थांबायचा. १९८०च्या दशकात रेने बायार्जोन यांनी बाळं कुठे आणि किती वेळ पाहतात ते मोजलं, तेव्हा चार-पाच महिन्यांच्या बाळांनाही याची काही जाण असल्याचं दिसलं. प्रश्न विचारायची पद्धत बदलली की उत्तर बदलतं. परीक्षेत हे लिहिता आलं तर गुण मिळतातच, घरातही हे फार उपयोगी आहे.

वयांचे तक्ते मुलावर लावत बसू नका, हे मी कळकळीनं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निरोगी मुलं आधाराशिवाय चालायला लागण्याचा पल्ला ८.२ ते १७.६ महिने इतका मोठा होता, आणि ४.३ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. शेजारचं मूल आधी चाललं याचा अर्थ एवढाच, की ते आधी चाललं. मात्र येत असलेली गोष्ट मूल विसरायला लागलं, आवाजाला प्रतिसाद देईनासं झालं, किंवा तुमचं मनच सतत ग्वाही देत असेल की काहीतरी ठीक नाही, तर वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. तारीखवार नोंदी डॉक्टरांच्या फार कामी येतात. आपण विद्यार्थी आहोत, निदान करणं आपलं काम नाही.

या अभ्यासाच्या शेवटी बहुतेक ठिकाणी निरीक्षणाचा प्रकल्प असतो. वही असेल तर तुमचं अर्धं काम झालेलं असतं, पण स्वतःच्या मुलाच्या नोंदी चालतात का हे मार्गदर्शकांना आधी विचारा, आणि चालत असल्या तरी नाव घालू नका. मोठेपणी माणसाला तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं सहसा काहीच आठवत नाही, म्हणजे त्या काळाचे साक्षीदार आपणच. तरी तो काळ मुलाचा आहे. थोरल्याला वाचता यायला लागल्यावर मी त्याला वही दाखवली. त्यानं बरंच वाचलं, पुष्कळ हसला, आणि एक पान दुमडून म्हणाला, "हे कुणाला दाखवू नकोस." त्या पानावरचं निरीक्षण माझ्या प्रकल्पाला हवं होतं. मी दुसरं घेतलं.