दूध-अंडी सोडलीत ते ठीक, पण ताटात काय वाढलंत? या चुका टाळा

एखादा व्हिडिओ बघायचा, रातोरात फ्रीजमधलं दूध, पनीर, अंडी शेजारी देऊन टाकायचं आणि तिसऱ्या आठवड्यात मला मेसेज, "ताई खूप वीकनेस वाटतोय, प्लांट-बेस्ड, म्हणजे फक्त वनस्पतींचं खाणं, मला सूट होत नाही बहुतेक." काय खातेस विचारलं तर सकाळी फळं, दुपारी काकडी-टोमॅटोचं सॅलड, रात्री दुधीचं सूप. अगं बाई, हे जेवण नाही, हा उपास आहे, आणि तोही एकादशीपेक्षा कडक, कारण एकादशीला निदान दाण्याचं कूट तरी पोटात जातं.

ही पहिली चूक आणि सगळ्यात जास्त दिसणारी. ताटातलं काढायचं, पण त्या जागी काही वाढायचंच नाही. काकडी, टोमॅटो, दुधी ह्यात जवळजवळ सगळं पाणीच असतं, त्यावर माणूस दिवसभर ऑफिसात बसू शकत नाही, लोकलला लटकणं तर लांबच. भाकरी, उसळ, आमटी, पालेभाजी, एखादी कोरडी चटणी हे आधी ताटात आलं पाहिजे, सॅलड नंतर कोपऱ्यात. आणि भाकरी-भाताला घाबरू नका हो, लोक मैद्याचा ब्राऊन ब्रेड कौतुकाने खातात आणि ज्वारीच्या भाकरीला "कार्ब्स" म्हणून नाक मुरडतात.

दुसरी चूक, "आम्ही रोज वरण खातो की, प्रोटीन मिळतंच." मिळतं, पण किती ते बघितलंय का कधी? पातळ वरणाच्या एका वाटीत कोरडी डाळ जेमतेम 20 ग्रॅम असते. तूरडाळीत 100 ग्रॅमला साधारण 22 ग्रॅम प्रोटीन, म्हणजे तुमच्या वाटीत आलं चार-साडेचार ग्रॅम. आपल्याकडचा सरकारी हिशोब किलोमागे 0.83 ग्रॅमचा आहे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला रोज साधारण 50 ग्रॅम लागतं. आता ते वरणातून काढायचं म्हटलं तर दहा-बारा वाट्या प्यायला लागतील. म्हणून माझा नियम साधा आहे, दोन्ही जेवणात एक घट्ट काहीतरी. मटकीची उसळ, हरभरा, चवळी, मुगाची घट्ट आमटी, पिठलं, काहीही. वर मूठभर शेंगदाणे, आणि भाकरीतून थोडं येतंच. धान्यात लायसिन हा प्रोटीनचा एक घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो, डाळीत जे कमी पडतं ते धान्य भरून काढतं, हे एकाच घासात व्हायला पाहिजे असंही नाही, दिवसभरात झालं तरी चालतं. प्रोटीन पावडरचे डबे मला दाखवू नका, आधी घरातला कडधान्याचा डबा उघडा.

आता राजमा. ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आमच्या सोसायटीतल्या योगा ग्रुपचा "हेल्दी ब्रेकफास्ट" ठरला होता, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. एका उत्साही काकांनी मोड आलेल्या राजम्याचं सॅलड आणलं, वर डाळिंबाचे दाणे, लिंबू, कोथिंबीर, दिसायला एकदम फोटोतल्यासारखं. मी एक दाणा दाताखाली धरला तर कटकन तुटला, आत पांढराफटक. विचारलं, "काका, शिजवलाय का हा?" तर म्हणे, "छे छे, शिजवलं की एन्झाइम मरतात!" मी डिश खाली ठेवली, बाकीच्यांना सांगायला गेले तर "ताई तुम्ही फार जुन्या विचारांच्या" म्हणून सगळे हसले. दोन-तीन तासांत ग्रुपवर मेसेज सुरू झाले, कुणाला उलट्या, कुणाला जुलाब, एकीला तर उठता येईना. संध्याकाळपर्यंत सगळे सावरले, पण दोष कुणाला दिला माहितीये? टाकीच्या पाण्याला! दुसऱ्या दिवशी टाकी धुवायला माणूस आला.

तर नीट ऐका. कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक त्रासदायक प्रोटीन असतं, चार-पाच कच्चे दाणेसुद्धा त्रास द्यायला पुरतात. मोड आणले म्हणून ते जात नाही. मंद आचेवर अर्धवट शिजवलं तर उलट आणखी वाढू शकतं, म्हणून स्लो-कुकरमध्ये कच्चा राजमा टाकून झोपायला जाणाऱ्यांनी तर कानाला खडा लावावा. रात्रभर भिजवा, ते पाणी ओता, नव्या पाण्यात खळखळून उकळा आणि कुकरला लावून असा शिजवा की बोटाने दाबला तर लगदा झाला पाहिजे. दाताला कडक लागला तर परत कुकरला. वाल, चवळी, हरभरा हेही शिजवूनच खा. आपल्या आज्या डाळिंब्या सोलत बसायच्या आणि मग त्यांची उसळ करायच्या, कच्च्या कधी कुणाला वाढल्या नाहीत. मुगाचे मोड थोडे कच्चे खाल्ले तर बहुतेकांना चालतात, पण मी वाफवूनच खाते, आणि गरोदर बायका, म्हातारी माणसं, लहान मुलं ह्यांना तर कच्चे मोड देऊच नका, त्या दमट उबेत मोडाबरोबर जंतूही मजेत वाढतात.

मोडाला वास येतो, बुळबुळीत होतात, अशी तक्रार पावसाळ्यात हमखास. कारण एकच, पाणी नीट निथळलेलं नसतं. मटकी आठ-दहा तास भिजली की चाळणीत ओता, चांगली निथळू द्या, मग सुती फडक्यात बांधून ठेवा, मधे एकदा धुवून परत निथळा. प्लास्टिकच्या डब्यात पाण्यासकट कोंडून ठेवली की आंबणारच. वास आला की फेकून द्या, फोडणीत हिंग वाढवून वाचवायला जाऊ नका.

पोट फुगतं, गॅस होतात. अहो होणारच, वर्षानुवर्षं पोळी-बटाटा खाल्लेल्या पोटात सोमवारपासून एकदम छोले, कोबी, बाजरी आणि ओट्स ढकलल्यावर ते काय टाळ्या वाजवणार? पहिले दोन आठवडे सालवाली मूगडाळ आणि मसूर, मग मटकी, मग चवळी, हरभरा सगळ्यात शेवटी. पाणी जास्त प्या. घाई असलेल्यांनी दुसरा छंद शोधावा.

बी-12 ह्या व्हिटॅमिनवर मात्र मी कुणाचं ऐकून घेत नाही. स्पिरुलिना (शेवाळाची पावडर), शेवग्याची पानं, इडलीचं पीठ, मोड, न धुतलेल्या भाज्या, सगळं ऐकून झालंय. वनस्पतींमधून बी-12 भरवशाचं मिळत नाही. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांशी आपल्या शरीराला उपयोगी न पडणारं. दूध-दही खाणाऱ्यांना थोडंफार मिळतं, ते पण सोडलं असेल तर गोळी घ्यायचीच, विषय संपला. गंमत अशी की लिव्हरमध्ये साठा असतो त्यामुळे सुरुवातीला, कधीकधी काही वर्षंसुद्धा, काहीच जाणवत नाही आणि माणूस छाती फुगवून सांगतो, "मला नाही लागत गोळी." मग हातापायाला मुंग्या, जीभ लाल, विसरायला होतं. त्यात पालेभाज्या-डाळींमधलं फोलेट (हेही एक बी व्हिटॅमिनच) भरपूर असलं की रक्ताच्या साध्या तपासणीत ॲनिमिया लपून राहू शकतो आणि नसांचं नुकसान आतून चालूच राहतं, म्हणून बी-12 ची तपासणी वेगळी करून घ्या. डायबेटिससाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर जास्तच लक्ष द्या, त्याने बी-12 कमी होतं. डोस डॉक्टरला विचारा, मला नाही.

जेवणावर लगेच चहा पिऊ नका, डाळ-भाजीतलं लोह शरीरात जायच्या आत चहा अडवतो. तासभर थांबा, आणि ताटात लिंबाची फोड घ्या ती पिळा, नुसती शोभेला ठेवू नका.

जवस अख्खे गिळले तर जसेच्या तसे बाहेर पडतात. भाजून, कुटून चटणी करा.

कॅल्शियमसाठी पालकाच्या मागे लागू नका, त्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे ते फारसं मिळतच नाही. नाचणीत 100 ग्रॅमला साधारण 340-360 मिलिग्रॅम असतं, न सोललेल्या तिळात त्याच्या दुपटीपेक्षा जास्त. नाचणीची आंबील, तिळाची चटणी, झालं.

सगळ्या स्वयंपाकात सैंधव वापरणाऱ्यांनो, त्यात आयोडीन घातलेलं नसतं बहुतेकदा. दूध, मासे, अंडी सोडल्यावर ते येणार कुठून? साधं आयोडीनवालं मीठ आणा.

साबुदाणा हा निव्वळ स्टार्च. खिचडी मलाही आवडते, पण ती हेल्दी आहे असं म्हणू नका, त्यातलं पौष्टिक काय ते दाण्याचं कूट.

"व्हेगन" लिहिलेली बिस्किटं, नगेट्स, सोया चाप (मैदा असतो त्यात, लेबल वाचा) ही शॉर्टकटवाल्यांची सोय. महिन्यातून कधीतरी ठीक आहे. पण महिन्याच्या किराण्यात तीच भरलेली असतील आणि मटकीचं पाकीट एकही नसेल तर मला वीकनेसचे मेसेज करू नका.

डाळ शिजत नाही म्हणणाऱ्यांनी टोमॅटो, चिंच, आमसूल डाळ मऊ झाल्यावर घालावं, आंबट आधी पडलं की दाणा मऊ व्हायला तयार नसतो. तरीही शिजत नसेल तर बहुतेक माल जुना आहे, दुकान बदला. आणि बाजरीचं पीठ आठवड्यापुरतंच दळून आणा, ते लवकर कडवट होतं, मग भाकरीवर कितीही तीळ थापले तरी घरात कुणी खात नाही आणि खापर मात्र बाजरीवर फुटतं.