मचूळ पाणी, पन्हळीचं पाणी आणि बीसी ५४७: टाकी भरताच मोटर बंद करणारं सर्किट

मे महिन्यात खाडीकाठच्या घरात बसवलेलं टाकीचं सर्किट बिनबोभाट चालतं. तेच सर्किट जुलैमध्ये दोन तऱ्हांनी फसतं. कधी टाकी भरून ओतू जाते तरी रिले (कॉइलमध्ये करंट गेला की पॉइंट ओढणारा स्विच) ओढत नाही. कधी टाकी अर्धी रिकामी असताना रिले ओढून बसतो आणि मोटर सुरूच होत नाही. अशा वेळी भाग बदलून उपयोग होत नाही, कारण भाग शाबूत असतात. ट्रान्झिस्टरच्या बेसमध्ये, म्हणजे त्याच्या मधल्या पायात, जाणाऱ्या करंटचा हिशेब चुकलेला असतो. तो हिशेब एकदा कळला की ट्रान्झिस्टर कळला, म्हणून आधी तोच करू.

बेसमधला थोडासा करंट

बीसी ५४७ हा एनपीएन जातीचा सिलिकॉन ट्रान्झिस्टर. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. (२एन३९०४ मध्ये हाच क्रम उलटा आहे, एकाच्या जागी दुसरा लावताना सगळ्यात जास्त चुका इथे होतात.) आतला बेसचा थर अतिशय पातळ असतो. एमिटरकडून निघालेले इलेक्ट्रॉन त्या थरात शिरतात आणि बहुतेक सगळे थेट कलेक्टरकडे ओढले जातात. अगदी थोडे बेसमध्ये अडकतात. तेवढी भरपाई बाहेरून करावी लागते, तोच बेस करंट. भरपाई थांबली की मागून येणारा लोंढाही थांबतो.

बेस करंटच्या किती पट कलेक्टर करंट वाहू शकतो, त्या आकड्याला एचएफई म्हणतात. बीसी ५४७बी मध्ये तो २०० ते ४५० असतो. एकाच पाकिटातल्या दोन नगांतही फरक पडतो, म्हणून सर्किट नेहमी २०० धरून आखावं. ट्रान्झिस्टर स्वतः वीज तयार करत नाही. रिलेत जाणारा करंट १२ व्होल्टच्या अडॅप्टरमधूनच येतो. बेस फक्त किती जाऊ द्यायचा ते ठरवतो. बेस आणि एमिटरमध्ये सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट पडल्याशिवाय हे काहीच सुरू होत नाही. हा उंबरठा पुढे फार कामाला येणार आहे.

पाण्याचा रोध मोजा

टाकीत स्टीलच्या दोन सळ्या सोडायच्या आणि पाण्यातून जाणारा करंट बेसला द्यायचा, अशी मूळ कल्पना. पण पाणी पाण्यासारखं नसतं. खाडीकाठची विहीर मे अखेरीस मचूळ होते, त्यात मीठ असल्याने वीज सहज वाहते. सड्यावरच्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ असतं. पन्हळीचं पाणी टाकीत घेतलं असेल तर त्यात क्षार जवळपास नसतातच, आणि रोध कित्येक पट वाढतो.

हा रोध मल्टिमीटरच्या ओहमच्या घरात मोजू नका. सळ्यांवर थर साचतो आणि आकडा सरकत राहतो. १२ व्होल्ट, १०० किलोओहमचा रेझिस्टर आणि पाण्यातल्या दोन सळ्या अशी एक माळ करा आणि रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजा. ६ व्होल्ट आलं तर पाण्याचा रोध १०० किलोओहम, ३ व्होल्ट आलं तर ३००. सळ्यांमध्ये ५ सेंमी अंतर आणि पाण्यात ३ सेंमी बुडालेला भाग ठेवून दोन्ही ऋतूंत मोजा, आणि सर्किट वाईट आकड्यावर बेता.

समजा मचूळ पाणी ५० किलोओहम भरलं. बेस करंट साधारण ०.२२ मिलिअँपिअर, त्याचे २०० पट म्हणजे ४५ मिलिअँपिअर. १२ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल ४०० ओहमची असते, तिला ३० लागतात. म्हणून मेमध्ये एका ट्रान्झिस्टरवर भागतं. पन्हळीच्या ३०० किलोओहमच्या पाण्यातून मात्र ०.०३८ मिलिअँपिअरच येतो. कलेक्टरला जेमतेम साडेसात. रिले हलतही नाही. मधल्या कुठल्यातरी पाण्यात तो अर्धवट ओढून तडतडतो, आणि तडतडणारा रिले आपले पॉइंट स्वतःच जाळतो.

दोन ट्रान्झिस्टरांची जोडणी

लागणारे भाग: बीसी ५४७बी दोन, १२ व्होल्टचा ४०० ओहम कॉइलचा रिले, १एन४००७ डायोड एक, रेझिस्टर १० के (के म्हणजे किलोओहम) दोन, ४.७ के एक, २२० के एक, ४.७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, झिरो पीसीबीचा (भोकं पाडलेल्या कोऱ्या बोर्डाचा) तुकडा आणि १२ व्होल्टचा बंद डबीतला चांगला अडॅप्टर. पाण्यात तार जाणार आहे, तेव्हा अडॅप्टर ट्रान्सफॉर्मरने मेन्सपासून तोडलेलाच हवा. कॅपॅसिटर लावून थेट २३० व्होल्टवरून १२ काढणारे स्वस्त सप्लाय इथे जिवावर बेततील.

लांब सळी १२ व्होल्टच्या प्लसला जोडा. आखूड सळीपासून १० के घेऊन पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसला या. त्याच बेसपासून मायनसला २२० के आणि त्याच्या जोडीने ४.७ मायक्रोफॅरड (प्लस टोक बेसकडे). पहिल्याचा कलेक्टर ४.७ के मधून प्लसला, एमिटर दुसऱ्याच्या बेसला. दुसऱ्याच्या बेसपासून मायनसला १० के, एमिटर थेट मायनसला, कलेक्टर रिलेच्या कॉइलला, कॉइलचं दुसरं टोक प्लसला. डायोड कॉइलवर आडवा, पट्टी असलेलं टोक प्लसकडे.

दोन्ही कलेक्टर एकत्र बांधायची पद्धतही आहे, पण तशी करू नका. तिच्यात दुसरा ट्रान्झिस्टर कधीच पूर्ण चालू होत नाही, त्याच्यावर पाऊण व्होल्ट तरी अडकून राहतो. इथे ४.७ के मुळे दुसऱ्याच्या बेसला सुमारे २.४ मिलिअँपिअर मिळू शकतात. ३० मिलिअँपिअरच्या कलेक्टरसाठी दहाव्या-बाराव्या हिश्श्याएवढा बेस करंट म्हणजे ट्रान्झिस्टर ठाम चालू. तेव्हा त्याच्यावर ०.२ व्होल्टही उरत नाही आणि तो गरम होत नाही. २.४ मिलिअँपिअर देण्यासाठी पहिल्याच्या बेसला १२ मायक्रोअँपिअर पुरतात. पन्हळीच्या पाण्यातून ३४ येतात, २२० के त्यातले ६ पितो, तरी दुपटीहून जास्त उरतात.

डायोड विसरला तर काय होतं? रिले सुटताना कॉइलमधला करंट एकदम तुटतो आणि कॉइल ४५ व्होल्टच्या मर्यादेपलीकडचा फटका कलेक्टरवर मारते. काही फटक्यांनंतर ट्रान्झिस्टर कलेक्टर-एमिटर शॉर्ट होतो आणि रिले कायमचा ओढलेला राहतो. डायोड उलटा लागला तर ट्रान्झिस्टर पहिल्याच फेरीत जातो. रिलेची कॉइल १०० ओहमची असेल तर १२० मिलिअँपिअर होतात. बीसी ५४७ ची मर्यादा १०० आहे. तिथे दुसऱ्या जागी बीसी ३३७ लावा, पायांचा क्रम तोच आहे. बेस करंटही त्या मानाने हवा, म्हणून ४.७ के काढून १ के घाला.

दमट हवेतून येणारा करंट

दोन ट्रान्झिस्टर मिळून गुणाकार २०० गुणिले २००, म्हणजे ४०,००० होतो. आषाढात तोच अंगाशी येतो. खाऱ्या हवेत बोर्डावर ओलसर मिठाचा थर बसतो, आणि सोल्डरिंगचा राहिलेला फ्लक्स (टाका नीट बसावा म्हणून लावलेला राळेसारखा पदार्थ) ओल धरून ठेवतो. अशा थराचा रोध ५ मेगाओहम धरला तर प्लसपासून बेसला जेमतेम २ मायक्रोअँपिअर येतात. पण त्याचे २०० पट म्हणजे ०.४ मिलिअँपिअर, आणि त्याचे पुन्हा २०० पट केले की रिलेला लागणाऱ्याच्या दुपटीहून जास्त. टाकी रिकामी आणि मोटर बंद.

२२० के चा रेझिस्टर याच्यासाठी आहे. ५ मेगाओहम आणि २२० के यांच्यात १२ व्होल्ट वाटले गेले की बेसवर फक्त ०.५ व्होल्ट राहतं. दोन ट्रान्झिस्टरांचा मिळून उंबरठा १.२ व्होल्टच्या पुढे, त्यामुळे काहीच घडत नाही. ४७० के लावला तर तेच १.०३ होतं, म्हणजे काठावर. १ मेगाओहम लावला तर २ व्होल्टपर्यंत चढू पाहतं आणि रिले ओढतो.

रेझिस्टरने सगळं सावरत नाही, स्वच्छता हवीच. सोल्डरिंग झाल्यावर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासा, उन्हात पूर्ण वाळवा, मग पीसीबीचं वार्निश दोन हात द्या. ओला बोर्ड वार्निशखाली बंद केलात तर ओल कायमची आत राहते. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन तांब्याला खातं, ते बोर्डाजवळ नकोच. डबीला वायरसाठी भोक खालच्या बाजूने पाडा आणि वायरीला झोळ ठेवा, म्हणजे पागोळीचं पाणी वायरीवरून आत न जाता झोळावरून टपकेल. भोक बुजवायला विसरू नका. मुंग्या आणि पाली रिलेच्या उबेला हमखास येतात.

सळ्यांची गळतीही अशीच. दोन्ही सळ्या एकाच लाकडी फळीत बसवल्या तर भिजलेली फळीच पाण्याचं काम करते. पीव्हीसीची पट्टी घ्या आणि सळ्यांवर शेवटचे ३ सेंमी सोडून हीटश्रिंक नळी चढवा. तांबं वापरू नका, हिरवं पडतं. शक्य असेल तर ३१६ ग्रेडचं स्टील घ्या, मिठाला तेच टिकतं. आखूड सळीचं टोक ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली चार बोटं असू द्या.

मोटरशी जोडताना

या छोट्या रिलेवर ‘१० अँपिअर’ छापलेलं असतं, तरी मोटरचा करंट त्यातून नेऊ नका. सुरू होताना मोटर चालू करंटच्या कित्येक पट ओढते आणि पॉइंट चिकटतात. रिलेचे कॉमन आणि एनसी (रिले सुटलेला असताना कॉमनशी जोडलेला) हे दोन पॉइंट स्टार्टरच्या लाल बटणाच्या माळेत घाला. टाकी भरली की रिले ओढतो, माळ तुटते, काँटॅक्टर (स्टार्टरमधला मोटरला वीज देणारा मोठा स्विच) पडतो. पुन्हा सुरू करायला माणसाने हिरवं बटण दाबायचं. यात आपोआप सुरू होणं मुद्दाम ठेवलेलं नाही. पातळी सांगणारी आखूड सळी एकच असताना पाणी बोटभर उतरलं की मोटर लागलीच सुरू होईल, आणि अशा दिवसभराच्या चालू-बंदने मोटरची वाइंडिंग जाते. हे काम २३० व्होल्टचं आहे. आधी मेन स्विच काढा, स्टार्टरची जोडणी येत नसेल तर वायरमनकडूनच करून घ्या. आणि अडॅप्टर बंद पडला तर रिले सुटलेला राहतो, मोटर थांबत नाही, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

व्होल्टेज वाढवायचं असेल तर

वरच्या सर्किटात ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. आवाजासाठी, म्हणजे बेड्याजवळच्या (आवाराच्या फाटकाजवळच्या) माइकसाठी वगैरे, तो मधोमध तरंगत ठेवावा लागतो. कलेक्टर करंट वर-खाली झाला की कलेक्टरच्या रेझिस्टरवर तेवढंच मोठं व्होल्टेज वर-खाली होतं. व्होल्टेज वाढतं ते असं.

१२ व्होल्टवर: बेसला प्लसकडून ४७ के, मायनसकडे १० के, एमिटरला १.२ के, कलेक्टरला ४.७ के. माइकला २२ के मधून सप्लाय, आणि माइकपासून बेसपर्यंत १ मायक्रोफॅरड, प्लस माइककडे. बोलण्याआधी मोजा: बेसवर सुमारे २ व्होल्ट, एमिटरवर १.४, कलेक्टरवर ६.५. कलेक्टरवर ११ च्या वर असेल तर बेसला करंट पोचत नाही. ४७ के किंवा त्याचं सोल्डरिंग बघा. २.७ च्या आसपास असेल तर १० के सुटलेला असतो.

एवढ्यावर वाढ जेमतेम चौपट मिळते, ४.७ भागिले १.२. एमिटरपासून मायनसला १०० मायक्रोफॅरड आणि त्याच्या माळेत १०० ओहम लावले की ती सुमारे ४० पट होते. १०० ओहम वगळले तर २०० पट, पण मोठ्याने बोललं की आवाज फाटतो. १.२ के मात्र कधीच काढू नका. पत्र्याखालची डबी १५ अंशांनी तापली की उंबरठ्याचं व्होल्टेज दर अंशाला २ मिलिव्होल्ट या हिशेबाने ३० मिलिव्होल्ट खाली येतं. एमिटर थेट मायनसला आणि बेसचं व्होल्टेज पक्कं बांधलेलं असेल तर करंट तिपटीवर जाईल, १.२ के असेल तर फरक फक्त २५ मायक्रोअँपिअरचा.