क्लाउडवर इलास्टिकसर्च किंवा ओपनसर्च चालवताय? या चुका टाळा

इलास्टिकसर्च आणि ओपनसर्च म्हणजे मोठ्या डेटात झटपट शोधून देणारी सर्च इंजिनं. त्यांची मॅनेज्ड सर्व्हिस, म्हणजे क्लाउड कंपनीने चालवून दिलेली, घेतली की एक गैरसमज हमखास होतो, की आता हे सगळं कोणीतरी दुसरं सांभाळतंय. मशीन सांभाळतात ते, हे खरंय, नोड (क्लस्टर म्हणजे मशीनच्या समूहातली एक मशीन) मेला तर बदलून देतात, पॅच लावतात, स्नॅपशॉटही (डेटाचा बॅकअप) घेतात. पण इंडेक्सला (डेटा साठवायचा एक संच) शार्ड (त्याचे नोडवर वाटलेले तुकडे) किती, फील्डचा टाइप काय, जुना डेटा कधी उडवायचा, लिहिताना एरर आली तर तुमचा कोड काय करतो, हे तिथलं कोणीच बघत नाही, आणि बघणारही नाही कारण त्यांना तुमचा डेटाच माहीत नाही. मी बरीच वर्षं असे क्लस्टर सांभाळतोय आणि रात्री जेव्हा जेव्हा फोन वाजलाय तेव्हा बहुतेक वेळा कारण या दुसऱ्या गोष्टींतच सापडलंय.

डिस्क भरते आणि क्लस्टर मात्र हिरवाच दिसतो

सुरुवात यापासूनच करतो कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. डिफॉल्ट सेटिंगमध्ये डिस्कच्या तीन पायऱ्या असतात. नोडची डिस्क 85 टक्के भरली की त्या नोडला नवीन शार्ड देणं थांबतं, 90 टक्क्यांना आहेत ते शार्ड दुसऱ्या नोडवर हलवायला सुरुवात होते, आणि 95 टक्क्यांना त्या नोडवर ज्या ज्या इंडेक्सचा एक जरी शार्ड असेल ते सगळे इंडेक्स रीड-ओन्ली होतात. काही मॅनेज्ड सर्व्हिसमध्ये हे आकडे वेगळे असतात, ते आपल्या सर्व्हिसचे कुठले हे आधीच बघून ठेवा.

आमच्याकडे एकाच क्लस्टरवर प्रॉडक्टचा कॅटलॉग होता आणि ॲप्लिकेशनचे लॉगही. एकदा लॉग वाढले, डिस्क 88 टक्के दिसली, म्हणून मी जुने लॉग डिलीट-बाय-क्वेरीने (अटीत बसणारी डॉक्युमेंट उडवणारी कमांड) उडवले. डॉक्युमेंटची (एकेक रेकॉर्डची) संख्या झपकन खाली आली, मला वाटलं झालं काम. दुसऱ्या दिवशी रात्री फोन, की साइटवर जुन्या किमती दिसतायत. क्लस्टर उघडून बघतो तर स्टेटस हिरवा, सर्च वेगात चालतंय, सगळे नोड हजर. दीड तास मी किमती अपडेट करणाऱ्या कोडमध्ये चूक शोधत होतो. शेवटी इंडेक्सरचा (क्लस्टरमध्ये डेटा लिहिणारा प्रोग्रॅम) लॉग उघडला तर प्रत्येक ओळीत तेच, इंडेक्स रीड-ओन्ली आहे, फक्त डिलीट करता येईल.

झालं काय होतं तर ल्युसीनमध्ये (या दोन्हींच्या आतली सर्च लायब्ररी) डॉक्युमेंट डिलीट केलं म्हणजे ते डिस्कवरून जात नाही, त्याच्यावर फक्त 'गेलं' अशी खूण होते. खरी जागा मोकळी होते सेगमेंट (शार्डमधले डेटाचे छोटे भाग) मर्ज होतात तेव्हा, आणि मर्ज करताना आधी नवीन सेगमेंट लिहिला जातो, मग जुना पुसला जातो. म्हणजे मधल्या काळात उलट जास्त जागा लागते! माझ्या साफसफाईने डिस्क कमी व्हायच्या ऐवजी वर गेली होती, आणि लॉगने भरलेल्या त्याच नोडवर कॅटलॉगचा एक शार्ड होता म्हणून कॅटलॉगही बंद पडला.

अशा वेळी डॉक्युमेंट डिलीट करत बसू नका, जुना इंडेक्स पूर्ण उडवा, त्याची जागा लगेच परत मिळते. त्यासाठी लॉगसारखा डेटा पहिल्या दिवसापासून तारखेनुसार किंवा साइझनुसार वेगवेगळ्या इंडेक्समध्ये गेला पाहिजे आणि जुने इंडेक्स आपोआप उडवायची पॉलिसी लावलेली पाहिजे, इलास्टिकसर्चमध्ये तिला आयएलएम म्हणतात, ओपनसर्चमध्ये आयएसएम. अजून एक गोष्ट, इलास्टिकसर्च 7.4 पासून डिस्क खाली आली की रीड-ओन्लीचं कुलूप आपोआप निघतं. आमचं व्हर्जन त्याच्या आधीचं होतं, त्यामुळे डिस्क 60 टक्क्यांवर आली तरी लिहिणं बंदच, ते सेटिंग हाताने काढल्यावर मग सुरू झालं.

आणि कृपा करून जागा मोकळी न करता नुसतं कुलूप काढू नका, किंवा 95 चं 99 करू नका. डिस्क खरोखर 100 टक्के भरली तर शार्डच बंद पडायला लागतात आणि मग त्यातून बाहेर येणं फार अवघड.

अलर्ट लावताना क्लस्टरच्या सरासरीवर लावू नका, सगळ्यात भरलेल्या नोडवर लावा. सरासरी 70 दिसत असताना एक नोड 93 वर असू शकतो, आणि बंद पाडायला तो एक पुरेसा आहे. मी 75 टक्क्यांना अलर्ट ठेवतो. लवकर वाटेल, पण कारण आहे. बऱ्याच सर्व्हिसमध्ये डिस्क किंवा नोड वाढवायचा म्हटलं की मागे नवे नोड उभे राहतात आणि सगळा डेटा तिकडे कॉपी होतो, याला तास लागतात, आणि आधीच धापा टाकणाऱ्या क्लस्टरवर तो कॉपीचा भार अजून पडतो. त्यामुळे वाढवायचं असेल तर शांत असतानाच वाढवा.

शार्ड जास्त म्हणजे स्पीड जास्त, हे खरं नाही

प्रायमरी (मूळ) शार्ड किती हे इंडेक्स बनवतानाच ठरतं. नंतर बदलायचं तर स्प्लिट (शार्ड वाढवणं), श्रिंक (कमी करणं) किंवा रीइंडेक्स (डेटा नव्या इंडेक्समध्ये कॉपी करणं) करावं लागतं. 7.0 च्या आधी डिफॉल्ट 5 होतं, नंतर 1 झालं, पण जुनी टेम्प्लेट (नव्या इंडेक्सची ठरलेली सेटिंग) अजून सगळीकडे फिरतायत आणि लोक ती तशीच कॉपी करतात. आता हिशोब करा, रोजचा एक इंडेक्स, 5 प्रायमरी आणि त्यांची एकेक रेप्लिका (कॉपी) म्हणजे दिवसाला 10 शार्ड, वर्षाला 3650. प्रत्येकात 200 एमबी डेटा. डिफॉल्ट लिमिट एका डेटा नोडला 1000 शार्ड, म्हणजे 3 नोडच्या क्लस्टरवर 300 दिवसांनी नवीन इंडेक्स तयारच होणार नाही. आणि हे नेमकं यूटीसीच्या मध्यरात्री कळतं, कारण रोजचा इंडेक्स बहुतेक तेव्हाच बनतो! लिमिट वाढवून वेळ मारून नेता येते पण प्रत्येक शार्ड मेमरी खातो, क्लस्टर स्टेटमध्ये (कुठे काय आहे याची नोंद) जागा घेतो, मास्टर नोड (ही नोंद सांभाळणारा) हळूहळू दमतो.

एका शार्डमध्ये साधारण 10 ते 50 जीबी डेटा, हा अंदाज चांगला चालतो. तारखेवर फिरवण्यापेक्षा साइझवर रोलओव्हर (नवा इंडेक्स सुरू करणं) लावा म्हणजे कमी ट्रॅफिकच्या दिवशी पिटुकले इंडेक्स बनत नाहीत. उलट टोकही टाळा, 300 जीबीचा एकच शार्ड असेल तर नोड गेल्यावर तो दुसरीकडे उभा राहीपर्यंत वाट बघत बसावं लागतं.

पिवळा दिसला की रीस्टार्ट

हे नका करू. पिवळा म्हणजे कुठली तरी रेप्लिका कुठे बसलेली नाही, डेटा आहे, सर्च चालू आहे. लाल म्हणजे एखादा प्रायमरी शार्डच जागेवर नाही, म्हणजे तेवढा डेटा आत्ता मिळत नाहीये. दोन्हीत पहिली गोष्ट करायची ती म्हणजे अलोकेशन एक्सप्लेन एपीआयला विचारायचं, हा शार्ड का बसत नाही. तो बऱ्यापैकी स्पष्ट सांगतो, डिस्क भरली आहे, किंवा प्रायमरी ज्या नोडवर आहे त्याच नोडवर रेप्लिका ठेवता येत नाही, किंवा 5 वेळा प्रयत्न फसला म्हणून सोडून दिलं. शेवटचं असेल तर मूळ कारण दूर करून रीट्राय-फेल्ड लावून रीरूट (शार्ड पुन्हा बसवायची कमांड) केलं की पुन्हा प्रयत्न होतो. रीस्टार्ट केला तर जे शार्ड नीट बसले होते तेही उठतात आणि रिकव्हरीचा अजून ढीग लागतो.

एकच नोड असेल आणि रेप्लिका 1 असेल तर तो कायम पिवळाच राहणार, त्यात बिघाड काही नाही.

लाल मात्र एक दिवसही तसा सोडू नका. ॲमेझॉनच्या ओपनसर्च सर्व्हिसमध्ये तासाला एक ऑटोमॅटिक स्नॅपशॉट होतो आणि ते 14 दिवस ठेवले जातात, पण क्लस्टर लाल असेपर्यंत नवे स्नॅपशॉट होत नाहीत. म्हणजे कोणी वापरत नाही असा एखादा टेस्टचा इंडेक्स लाल पडला आणि कोणी लक्ष दिलं नाही तर दोन आठवड्यांनी तुमच्या खऱ्या डेटाचाही बॅकअप उरलेला नसेल.

बल्कने 200 दिलं म्हणजे सगळं आत गेलं असं नाही

ही चूक मी इतक्या कोडमध्ये बघितलीये की आता रिव्ह्यू करताना पहिलं हेच शोधतो. बल्क रिक्वेस्टचा (एकदम अनेक डॉक्युमेंट पाठवणारी) एचटीटीपी स्टेटस 200, म्हणजे ठीक, येतो तरीही आतले काही आयटम फेल झालेले असू शकतात. रिस्पॉन्समध्ये एरर्स नावाचं एक फील्ड असतं, ते ट्रू असेल तर प्रत्येक आयटमचा स्टेटस वेगळा बघायचा. 5000 डॉक्युमेंट पाठवली, 4988 गेली, 12 गळाली, आणि तुमचा लॉग म्हणतोय सक्सेस. महिन्याभराने कोणीतरी विचारतं की ही ऑर्डर सर्चमध्ये का सापडत नाही, तेव्हा शोधायला काहीच हातात नसतं.

एररमध्येही फरक करा. 429 म्हणजे क्लस्टर म्हणतोय आत्ता जमत नाही, थोडं थांबून परत पाठवा, आणि दर वेळी थांबायचा वेळ वाढवत जा, नाहीतर तुम्हीच त्याला अजून दाबताय. 400 म्हणजे डॉक्युमेंटमध्येच काहीतरी चुकलंय, ते शंभर वेळा पाठवलं तरी जाणार नाही, ते बाजूला साठवा आणि माणसाने बघावं. आणि डॉक्युमेंटचा आयडी स्वतःचा द्या. आयडी न देता पाठवलं, मध्येच टाइमआउट झाला, क्लायंटने परत पाठवलं, की एकच रेकॉर्ड दोनदा आलं समजा.

मोठा डेटा पहिल्यांदा भरताना रिफ्रेश इंटरव्हल (नवा डेटा किती वेळाने सर्चमध्ये दिसायला लागतो) 1 सेकंदावर ठेवायची गरज नसते, भरून होईपर्यंत बंद ठेवा, खूप फरक पडतो. नंतर परत सुरू करायला मात्र विसरू नका, नाहीतर डेटा आत असून सर्चमध्ये दिसत नाही.

मॅपिंग देवाच्या भरवशावर

मॅपिंग (कुठल्या फील्डचा टाइप काय याची यादी) दिलं नाही तर पहिलं डॉक्युमेंट जे घेऊन येईल त्यावरून टाइप ठरतो, आणि एकदा ठरलेला टाइप बदलत नाही. पहिल्या प्रॉडक्टची किंमत 499 आली, फील्ड लाँग (पूर्णांक) झालं. पुढचं 499.50 आलं. एरर येत नाही! इंडेक्समध्ये दशांश कापून 499 जातं, पण सोर्समध्ये (पाठवलेलं मूळ डॉक्युमेंट) 499.50 तसंच राहतं. डॉक्युमेंट उघडून बघाल तर किंमत बरोबर, आणि रेंज फिल्टर आणि बेरीज मात्र चुकीची. असला घोळ शोधायला एक आख्खा आठवडा गेलेला मी बघितलाय, कारण डोळ्यासमोरचा आकडा बरोबर असताना इंडेक्सवर शंका येतच नाही.

म्हणून मॅपिंग स्वतः लिहा, डायनॅमिक (नवी फील्ड आपोआप घेण्याचं सेटिंग) स्ट्रिक्ट किंवा फॉल्स ठेवा. युजर स्वतः नावं देतात अशी फील्ड असतील तर जास्तच सांभाळा, एका इंडेक्सला डिफॉल्ट 1000 फील्डची मर्यादा आहे आणि ती बघता बघता भरते, तिथे फ्लॅटन्ड टाइप (सगळी एकाच फील्डमध्ये ठेवणारा) वापरा. आणि ॲप्लिकेशनला इंडेक्सचं खरं नाव कधीच देऊ नका, अलियास (टोपणनाव) द्या. मग टाइप चुकला तरी नवा इंडेक्स बनवून, रीइंडेक्स करून, अलियास फिरवता येतो आणि कोणाला कळतही नाही.

पेजिंगबद्दल थोडक्यात, 10000 रिझल्टच्या पुढची पानं मागितली की एरर येते, ती लिमिट वाढवून घालवू नका, सर्च-आफ्टर (शेवटच्या रिझल्टपासून पुढचे मागायची पद्धत) वापरा.

एंडपॉइंट उघडा

2017 च्या जानेवारीत इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो इलास्टिकसर्च क्लस्टर पुसले गेले आणि जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली. 2020 मध्ये म्याऊ नावाने ओळखला गेलेला हल्ला आला, त्यात तर खंडणीही नाही, नुसता डेटा पुसून टाकला. 8.0 पासून सिक्युरिटी डिफॉल्ट चालू असते, तरी क्लाउडवर लोक 'टेस्टपुरतं' म्हणून पब्लिक ॲक्सेस देतात आणि ते तसंच राहतं. एंडपॉइंट (क्लस्टरचा पत्ता) प्रायव्हेट नेटवर्कमध्ये ठेवा, आणि सर्च करणाऱ्या ॲपला फक्त वाचायचा रोल द्या, ॲडमिनचा नाही.

बॅकअप आहे, रिस्टोअर कधी केलंय?

अपग्रेडच्या आधी हे नक्की बघा. मोठ्या व्हर्जनवर गेल्यावर मागे येता येत नाही, आणि नव्या व्हर्जनवर घेतलेला स्नॅपशॉट जुन्यावर उघडत नाही. 2021 मध्ये इलास्टिकसर्चचं लायसन्स बदललं आणि 7.10 वरून ओपनसर्च वेगळं झालं, त्यामुळे 7.11 किंवा पुढचा स्नॅपशॉट ओपनसर्चवर रिस्टोअर होत नाही. इलास्टिकसर्चचे अधिकृत क्लायंटही 7.14 पासून समोर कोण आहे ते तपासतात आणि ओपनसर्च दिसलं की नकार देतात. क्लायंट लायब्ररी सहज अपडेट केली आणि ॲप बंद पडलं, असं यामुळे होतं.

दर तीन महिन्यांनी एक इंडेक्स रिस्टोअर करून बघा. त्याच नावाचा इंडेक्स चालू असेल तर रिस्टोअर होत नाही, म्हणून नाव बदलून करा आणि डॉक्युमेंटची संख्या जुळवा. फक्त एक जपा, नाव बदललं तरी स्नॅपशॉटमधले अलियास डिफॉल्टने सोबत परत येतात, म्हणजे तुमचा टेस्टचा इंडेक्स गुपचूप प्रॉडक्शनच्या अलियासला जोडला जातो आणि साइटवर प्रत्येक गोष्ट दोनदा दिसायला लागते. रिस्टोअरच्या रिक्वेस्टमध्ये इन्क्लूड-अलियासेस फॉल्स टाका, आणि मगच एंटर दाबा.